थॉम्पसनचा ‘मॉडेल ए’: जगाने ज्याची नक्कल केली, तो कारखाना मागे का पडला?

पिसे, लोकर आणि रेशमी दोरा गळावर गुंडाळून माशांना भुलवणारे कृत्रिम किडे बांधण्याचा छंद अमेरिकेत आणि युरोपात मोठ्या आवडीने जोपासला जातो. हा छंद नव्याने लागलेला माणूस पहिला अवजारसंच विकत घेतो, तेव्हा त्यातल्या मुख्य अवजाराच्या वर्णनात बहुतेक वेळा ‘थॉम्पसन ए पद्धतीचा व्हाइस’ असे शब्द असतात. तो व्हाइस सहसा भारतात बनलेला असतो. ज्या थॉम्पसनचे नाव या वर्णनात येते, ती डी. एच. थॉम्पसन कंपनी इलिनॉय राज्यातल्या एल्गिन या शहरात होती, आणि तिचा नवा व्हाइस आज दुकानात मागितला तर मिळत नाही. जुना, कोणीतरी वापरलेला शोधावा लागतो. एखाद्या कंपनीचा आकार जगभर विकला जावा आणि ती कंपनी मात्र बाजारातून नाहीशी व्हावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. ते विसंगत का नाही, हे समजून घ्यायचे तर आधी हे अवजार काय काम करते ते पाहिले पाहिजे.

फ्लाय म्हणजे काय, आणि ती बांधायला व्हाइस कशाला लागतो?

आपल्याकडे गळ टाकणारा माणूस गळाला गांडूळ, कोळंबी किंवा कणकेचा गोळा लावतो आणि दोरीला शिसे बांधून तो पाण्यात फेकतो. थंड पाण्याच्या नद्यांतले ट्राउट मासे मात्र बरेचसे पाण्यात वाढणाऱ्या आणि पाण्यावर उतरणाऱ्या किड्यांवर जगतात. असा किडा गळात ओवता येत नाही, इतका तो नाजूक असतो. म्हणून गळाच्या दांडीवरच दोरा, पिसे आणि केस बांधून त्याची प्रतिकृती करतात. या प्रतिकृतीला फ्लाय म्हणतात. तिला जवळजवळ वजनच नसल्यामुळे ती फेकण्यासाठी शिशाऐवजी जाडसर, वजनदार दोरीचा उपयोग होतो, आणि या सगळ्या प्रकाराला फ्लाय फिशिंग म्हणतात.

फ्लाय बांधताना एका हाताने पीस धरायचे असते आणि दुसऱ्या हाताने दोरा ताणून गुंडाळायचा असतो. म्हणजे गळ धरायला तिसरा हात हवा. तो तिसरा हात म्हणजे व्हाइस. फिटरच्या टेबलावर जो मोठा लोखंडी व्हाइस असतो त्याच कुळातला हा आहे, फक्त याचे जबडे चोचीसारखे निमुळते असतात, कारण त्यांच्याभोवती बोटे फिरायला जागा लागते. व्हाइसशिवाय फ्लाय बांधताच येत नाही असे मात्र नाही. मेन राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्स या टोप्या बनवणाऱ्या बाईंनी १९२० च्या दशकापासून अतिशय देखण्या, पुढे संग्राह्य ठरलेल्या फ्लाय बांधल्या, आणि त्या गळ बोटांतच धरून बांधत असत. त्यांच्यासारखे हात फार थोड्यांना लाभतात. बाकी सर्वांना गळ पक्का धरणारे अवजार लागते, आणि त्या अवजाराकडून अपेक्षा एकच असते, ती म्हणजे दोरा कितीही ओढला तरी गळ तसूभरही हलू नये.

ही अपेक्षा दिसते तितकी सोपी नाही. फ्लायच्या गळांना क्रमांक असतात आणि क्रमांक वाढेल तसा गळ लहान होत जातो. अठरा किंवा वीस क्रमांकाच्या गळाची तार अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते, तर सामन माशासाठीच्या मोठ्या गळाची तार दीड मिलिमीटरच्या आसपास जाते. एकाच जबड्याने या दोन्ही तारा तितक्याच घट्ट धरायच्या असतात, आणि गळ स्वतः कडक पोलादाचा असल्यामुळे तो धरणाऱ्या जबड्यालाही ओरखडे पाडू शकतो.

‘मॉडेल ए’ गळ कसा पकडतो

थॉम्पसनच्या ‘मॉडेल ए’ची करामत समजायला लीड पेन्सिल आठवावी. पेन्सिलीची कळ दाबली की आतली चिरलेली पकड नळीबाहेर येते, उघडते आणि शिसे सैल होते. कळ सोडली की ती पकड निमुळत्या नळीत मागे ओढली जाते, तिच्या फाका एकमेकींवर दाबल्या जातात आणि शिसे घट्ट बसते. ‘मॉडेल ए’मध्ये हेच काम पोलादाचा चिरलेला दांडा करतो. त्याचे पुढचे टोक म्हणजे जबडे. हा दांडा एका नळीतून मागे ओढला की नळीच्या तोंडाशी जबडे आवळले जातात. दांडा मागे ओढण्यासाठी शेवटी एक लिव्हर असते, आणि तिच्या मुळाशी कॅम असतो. कॅम म्हणजे मध्यापासून सरकवलेल्या आसावर फिरणारा गोलसर तुकडा. लिव्हर खाली दाबली की तो फिरतो आणि दांड्याला काही मिलिमीटर मागे खेचतो. लिव्हर एकदा दाबली की गळ बंद, वर केली की गळ मोकळा. गळ जाड असेल तर दांडा आट्यांवर थोडा सैल करायचा, बारीक असेल तर थोडा आत घ्यायचा. सगळे यंत्र एका उभ्या दांडीवर बसवलेले असते आणि ती दांडी इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या क्लॅम्पने टेबलाच्या कडेला आवळली जाते.

या रचनेत जादा असा एकही भाग नाही. बेअरिंग नाही, हरवण्याजोगा बारीक स्क्रू नाही. लिव्हर दाबताना कॅमने आवळण्याचा टोकाचा बिंदू ओलांडल्याचे तळहाताला कळते आणि त्यानंतर हात काढून घेतला तरी ती आपणहून उघडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही दशकांत अमेरिकेत फ्लाय बांधायला शिकलेल्या माणसाच्या टेबलावर हाच व्हाइस असण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. शिकवणारे आपल्या विद्यार्थ्यांना तोच घ्यायला सांगत, टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या यादीत तोच असे, आणि सूचनांसोबतच्या रेखाटनांतही बहुधा तोच काढलेला असे. एखादी वस्तू चांगली असणे आणि एखादी वस्तू म्हणजेच तो प्रकार असे लोकांना वाटू लागणे यात फरक आहे. थॉम्पसनच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली, आणि माझ्या मते तिच्या ऱ्हासाचे बीज तिथेच आहे. जिचा आकार म्हणजेच ‘व्हाइस’ असे ठरून गेले, त्या कंपनीला आपला व्हाइस इतरांपेक्षा वेगळा का घ्यावा हे सांगणे उत्तरोत्तर कठीण होत गेले.

आकार उचलता येतो, पोलादाला पाजलेले पाणी उचलता येत नाही

‘मॉडेल ए’ची रचना इतकी सरळ होती की, लेथ, ड्रिल आणि ओतकामाची सोय असलेल्या कोणत्याही छोट्या कारखान्याला ती मोडून पाहून बनवता येत होती. भारतातल्या कारखान्यांनी तसेच केले. फ्लायच्या व्यवसायाचा भारताशी संबंध जुनाच आहे. ब्रिटिश काळापासून इथून कोंबड्यांच्या मानेची पिसे कातडीसकट परदेशी जात, आणि आपल्या सह्याद्रीत आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरची, पिवळसर मेणाच्या थेंबासारखे ठिपके असलेली पिसे सामनच्या फ्लायसाठी अतिशय मोलाची मानली जात. रानकोंबड्याची ती निर्यात बंद झाली, जे योग्यच झाले, आणि आता त्या पिसांसाठी परदेशात हा पक्षी बंदिस्त पाळला जातो. पण पाळीव कोंबड्यांची पिसे आणि त्यांच्याबरोबर कात्र्या, चिमटे, दोऱ्याच्या रिळाचे दांडे अशी स्वस्त अवजारे भारतातून जातच राहिली, आणि त्यांत व्हाइसची भर पडली.

या प्रती पाहिल्या तर पहिल्या नजरेत मूळ व्हाइसपेक्षा वेगळ्या वाटत नाहीत. क्रोमचा मुलामा चकचकीत असतो, लिव्हरच्या टोकाला तशीच गोळी असते. फरक जबड्याच्या पोलादात असतो. साध्या, कमी कार्बनच्या लोखंडाला कितीही तापवले तरी ते कडक होत नाही. कडकपणा हवा असेल तर अधिक कार्बनचे, अवजारांसाठीचे पोलाद घ्यावे लागते, ते आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम बुडवावे लागते, आणि मग पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. आपला लोहार विळ्याला किंवा कोयत्याला पाणी पाजतो ते हेच. पहिली पायरी कमी पडली तर जबडा मऊ राहतो. दुसरी पायरी चुकली तर तो इतका ठिसूळ होतो की, जाड गळावर लिव्हर दाबताच त्याचे टोक उडते.

मऊ जबडा ओळखायचा कसा, तेही सांगतो. गळ लावून लिव्हर पूर्ण दाबावी आणि गळाच्या छिद्राजवळ अंगठ्याने हळूहळू खाली जोर द्यावा. जबडा चांगला असेल तर गळाची दांडीच किंचित वाकते आणि सोडल्यावर परत येते. नखाने टोचले तर बारीक खणखणीत आवाज येतो. जबडा मऊ असेल तर गळ न वाकता मुळापासून खाली सरकतो. असा व्हाइस थोडे दिवस वापरल्यावर जबड्याच्या आतल्या बाजूला तारेच्या आकाराची खाच दिसू लागते, आणि त्यानंतर बारीक गळ त्या खाचेत सैल पडून डोलतो. नवशिक्याला हे ठाऊक नसते. दोरा ताणला की गळ सरकतो, पीस सुटते, फ्लाय वाकडी होते आणि आपल्या हातात कसब नाही असे त्याला वाटते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त वाईट याच गोष्टीचे वाटते, कारण अवजाराच्या दोषापायी माणूस स्वतःवरचा विश्वास गमावतो आणि छंद सोडून देतो.

यात एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. सर्व भारतीय प्रती वाईट नसतात. काही वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात. अडचण ही की, एकाच खोक्यातल्या दोन व्हाइसचे जबडे एकसारखे निघतील याची खात्री नसते, कारण प्रत्येक जबड्याची कडकपणाची चाचणी घेण्याइतका पैसा त्या किमतीत बसत नाही.

मग पेटंट कुठे गेले?

नक्कल म्हणजे चोरी नाही का, असा प्रश्न इथे साहजिकच येतो. कायद्याचे उत्तर आहे की, बहुतेक वेळा नाही. पेटंट म्हणजे शोध लावणाऱ्याला सरकारने दिलेली ठरावीक मुदतीची मक्तेदारी. तिच्या बदल्यात त्याने आपली रचना जाहीर करायची असते. अमेरिकेत १९९५ पर्यंत ही मुदत पेटंट मंजूर झाल्यापासून १७ वर्षे होती, त्यानंतर ती अर्ज केल्यापासून २० वर्षे झाली. मुदत संपली की ती रचना सर्वांची. शिवाय पेटंट ज्या देशात घेतले त्याच देशात लागू असते. विसाव्या शतकाच्या मध्यावरच घरोघरी पोचलेल्या रचनेला १९८० किंवा १९९० च्या दशकात पेटंटचे छत्र मिळण्याचा प्रश्नच उरत नव्हता.

नावाचे संरक्षण वेगळे असते. व्यापारचिन्ह वापरात असेपर्यंत टिकते, त्यामुळे दुसऱ्या कोणाला आपल्या व्हाइसवर ‘थॉम्पसन’ असे कोरता येत नाही. पण ‘थॉम्पसन ए पद्धतीचा’ असे वर्णन करायला दुकानदाराला फारशी आडकाठी येत नाही, आणि नेमके हेच शब्द मूळ कंपनीला महागात पडले. ग्राहकाला वाटते की, थॉम्पसनसारखाच आहे आणि किंमत मात्र कितीतरी कमी आहे. वर्णन करणाऱ्याने खोटे सांगितलेले नसते. सारखेपणा आकारापुरता आहे, पोलादापुरता नाही, एवढेच त्यात लिहिलेले नसते.

ग्राहकाने स्वस्त घेतले, त्यात त्याचे काय चुकले?

काहीच चुकले नाही. पहिल्यांदा एखादा छंद करून पाहणाऱ्याने किती पैसे घालावेत, हा त्याचा प्रश्न आहे, आणि आपण हे पुढे चालू ठेवू की नाही हेच ज्याला ठाऊक नाही त्याने सर्वांत स्वस्त अवजार उचलणे शहाणपणाचे आहे. आज अशी प्रत वीस ते तीस डॉलरच्या आसपास मिळते. पण या शहाणपणाचा परिणाम मूळ उत्पादकावर कसा झाला ते पाहावे. थॉम्पसनचा व्हाइस हा मुळातच नवशिक्याचा, मध्यम किमतीचा, सर्वांना परवडणारा म्हणून गाजला होता. नवशिक्या ग्राहक प्रतींकडे गेला, तेव्हा कंपनीचा पायाच सरकला. किंमत उतरवून प्रतींशी लढायचे तर अमेरिकन कामगाराचा पगार आणि चांगले पोलाद यांचा खर्च निघत नव्हता. आणि किंमत चढवायची तर या रचनेत जास्त पैसे मोजावेत असे काही नवे नव्हते.

थॉम्पसन ज्या शहरात होती त्या एल्गिननेच हा अनुभव दुसऱ्या एका, कितीतरी मोठ्या उद्योगात घेतलेला होता. एल्गिन नॅशनल वॉच कंपनी १८६४ साली स्थापन झाली, तिने कोट्यवधी घड्याळे बनवली, आणि अचूक यंत्रकामासाठी हे शहर अमेरिकेत ओळखले जाऊ लागले. तिचा तिथला भव्य कारखाना १९६० च्या दशकात पाडला गेला. घड्याळ कंपनीची कारणे वेगळी होती आणि दोन्ही गोष्टींची सरमिसळ करण्यात अर्थ नाही. पण कसबी हात आणि नावलौकिक एवढ्या बळावर कारखाना टिकत नाही, हे एल्गिनला आधीच माहीत झालेले होते.

झिजत नाही अशा वस्तूची पंचाईत

दुसरे कारण क्वचितच बोलले जाते. चांगला ‘मॉडेल ए’ मरतच नाही. जबडे नीट वापरले, जाड गळावर जबरदस्ती केली नाही आणि कॅमला अधूनमधून तेलाचा थेंब दिला, तर तो चाळीस-पन्नास वर्षे सहज चालतो. आजोबांनी वापरलेला व्हाइस नातू वापरतो, आणि ज्यांच्या घरात छंद पुढे चालला नाही त्यांचा व्हाइस जुन्या बाजारात येतो. म्हणजे प्रत्येक विकलेला व्हाइस हा पुढच्या विक्रीचा प्रतिस्पर्धी ठरतो.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये टिकाऊ वस्तूंच्या विक्रेत्याची ही कोंडी मांडली होती. एकट्याच्या हाती बाजार असलेला विक्रेताही अशा वस्तूंच्या बाबतीत मनासारखी किंमत लावू शकत नाही, कारण त्याची स्पर्धा स्वतःच विकलेल्या आणि पुढे विकणार असलेल्या मालाशीच असते. टिकाऊ वस्तू बनवणाऱ्याला तगायचे असेल तर एक तर नवे ग्राहक सतत यावे लागतात, किंवा जुन्या ग्राहकाला पुन्हा काहीतरी घ्यावेसे वाटावे लागते. थॉम्पसनकडे येणारा नवा ग्राहक प्रतींनी नेला, आणि जुन्या ग्राहकाला दुसरा ‘मॉडेल ए’ घेण्याचे कारण नव्हते. त्याला जे हवे होते ते दुसरीकडे तयार होत होते.

जुन्या ग्राहकाला हवा होता तो फिरणारा व्हाइस

‘मॉडेल ए’मध्ये गळ स्थिर राहतो आणि बांधणाऱ्याचा हात त्याच्याभोवती फिरतो. फ्लायची पलीकडची बाजू पाहायची तर मान वाकडी करावी लागते. जबडे आसावर फिरवता आले तर हे सोपे होते, पण साधे फिरवणे पुरेसे नसते. जबड्यात गळ तिरका असेल तर जबडे फिरवताच गळाची दांडी हवेत वर्तुळ काढू लागते. गळाची दांडी नेमकी फिरण्याच्या आसावर आली, तरच ती जागच्या जागी फिरते आणि पीस किंवा चमकदार तार एका हाताने सरळ धरून दुसऱ्या हाताने व्हाइस फिरवत समान अंतराने गुंडाळता येते. अशा रचनेला खरा फिरता व्हाइस म्हणतात.

ही कल्पना कोणा एकाची नाही आणि ती एका रात्रीत आली नाही. पण १९७० च्या दशकापासून तिचा आणि इतर नव्या कल्पनांचा पाठपुरावा करणारे छोटे, जिद्दी कारखाने उभे राहिले. अँडी रेन्झेटी यांच्या फिरत्या व्हाइसनी या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांचा कारखाना पुढे फ्लोरिडातल्या टायटसव्हिलला स्थिरावला. मॅसॅच्युसेट्समधल्या रीगलने उलटी वाट धरली. तिच्या व्हाइसचे जबडे बळकट स्प्रिंगने कायम मिटलेले असतात आणि लिव्हर दाबली की उघडतात, त्यामुळे गळाच्या जाडीनुसार काहीच जुळवावे लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या डायना-किंगने मोठ्या गळांसाठी जबड्यांत खाचा दिल्या. एचएमएचने बारीक, मध्यम आणि जाड गळांसाठी बदलता येणारे वेगवेगळे जबडे दिले.

या कारखान्यांना आणखी एका गोष्टीची साथ मिळाली. संगणकाच्या आज्ञेवर चालणारी लेथ आणि मिलिंग यंत्रे लहान कारखान्यांच्या आवाक्यात आली. पूर्वी अचूक भाग स्वस्तात हवे असतील तर त्यांच्यासाठी खास साचे आणि पकडी तयार करून हजारोंच्या संख्येने माल काढावा लागे, आणि म्हणून एकदा ठरलेला नमुना बदलणे महाग पडे. नव्या यंत्रांवर शे-दोनशे नग काढूनही अचूकता साधता येते, आणि ग्राहकांनी काही सुचवले तर पुढच्या खेपेला नमुना बदलता येतो. जुन्या पद्धतीने मोठ्या संख्येत एकच नमुना काढण्यासाठी घडलेल्या कारखान्याचे जे बळ होते, तेच या बदलाने निरुपयोगी केले.

थॉम्पसनने नवे काही केलेच नाही का?

केले. ‘प्रो’ आणि ‘अल्ट्रा’ अशा नावांनी कंपनीने पुढचे नमुने आणले, आणि ते वापरलेल्या लोकांनी त्यांच्याबद्दल चांगलेही सांगितले आहे. त्यामुळे कंपनी आळशी होती, जुन्या लौकिकावर झोपून राहिली, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. अडचण दुसरीकडे होती. ज्या नावाचा अर्थ लोकांच्या मनात ‘पहिला, साधा, स्वस्त व्हाइस’ असा पक्का बसला होता, त्या नावाचा महाग व्हाइस घ्यायला हात धजत नव्हता. पैसे साठवून दुसरा व्हाइस घेणारा माणूस पहिल्याहून वेगळे नाव शोधत होता, आणि हे वेगळेपण थॉम्पसन कितीही चांगला माल काढून देऊ शकत नव्हती. इतकी वर्षे नवशिक्याला दिलेली साथच अनुभवी ग्राहकासमोर तिच्या आड आली.

मासेमारीच कमी झाली असेल, असे नाही का?

हा आक्षेप स्वाभाविक आहे, पण त्यात तथ्य नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात फ्लाय फिशिंगची मोठी लाट आली. शहरी, सुखवस्तू माणसे मोठ्या संख्येने या छंदाकडे वळली. २०२० मधल्या साथीच्या काळात, मोकळ्या हवेत एकट्याने करण्याजोगा छंद म्हणून त्याला पुन्हा बहर आला. बाजार आटला म्हणून थॉम्पसन गेली असे म्हणता येत नाही. बाजार वाढत असतानाच तिची जागा गेली, आणि म्हणूनच ही गोष्ट अभ्यासण्याजोगी आहे.

बदल झाला तो ग्राहकाच्या स्वरूपात. विकण्यासाठी फ्लाय बांधणारी अमेरिकन घराणी न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांत एकेकाळी प्रसिद्ध होती. डेट आणि डार्बी या दांपत्यांची नावे त्या व्यवसायात आजही आदराने घेतली जातात. दुकानात विकल्या जाणाऱ्या फ्लाय बांधण्याचे काम पुढे केनिया, श्रीलंका, थायलंड अशा देशांत गेले. दिवसभर एकाच प्रकारच्या फ्लाय डझनांनी बांधणाऱ्या कारागिराला अवजार टिकाऊ, वेगवान आणि बेताच्या किमतीचे लागते, आणि ‘मॉडेल ए’ त्याला अगदी योग्य होता. अमेरिकेत आता व्हाइस घेणारा बहुतांशी हौशी आहे. तो संध्याकाळी दोन-चार फ्लाय बांधतो, आणि त्या वेळात अवजार हाताळण्याचे सुखही त्याला हवे असते. त्या सुखासाठी तो दोनशे, तीनशे, प्रसंगी पाचशेहून जास्त डॉलर मोजतो.

महाग व्हाइस तगले ते याच कारणाने, आणि त्यांच्या निर्मात्यांनी टिकाऊपणाच्या पंचाईतीवर एक उत्तरही काढले. त्यांचा व्हाइस म्हणजे सुट्या भागांचे कुटुंब असते. आधी मूळ व्हाइस, मग बारीक गळांचे जबडे, मग प्रवासासाठी क्लॅम्प, मग जड बैठक, मग रीळ टेकवण्याचा आकडा. ग्राहक तोच राहतो आणि दरवर्षी काहीतरी घेतो. ‘मॉडेल ए’ पूर्ण होता; त्याला जोडण्यासारखे काही उरलेच नव्हते.

आणि प्रती बनवणाऱ्या भारतीय कारखान्यांचे काय?

फिरत्या व्हाइसच्याही भारतीय प्रती आता बाजारात आल्या आहेत. त्या अधिक अवघड रचनेच्या असल्यामुळे त्यांतले दोषही अधिक चटकन दिसतात. आस डुगडुगतो, फिरवताना कधी घट्ट तर कधी सैल लागतो, आणि जबडे पुन्हा मऊच असतात. ज्या कारखान्यांनी थॉम्पसनचा बाजार नेला, त्यांना त्यातून स्वतःचे नाव मात्र मिळाले नाही. त्यांचा माल आयातदाराच्या खोक्यात, आयातदाराच्या नावाने जातो, आणि कोणी आणखी एक डॉलर स्वस्त देणारा भेटला की ऑर्डर तिकडे वळते.

हे बदलण्यासाठी जे लागते ते आपल्याकडे आहे. भोसरीत आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटारींच्या सुट्या भागांना नेमक्या मापाने पाणी देणाऱ्या भट्ट्या आहेत, कडकपणा मोजणारी यंत्रे आहेत आणि ती चालवणारी जाणती माणसे आहेत. व्हाइसच्या जबड्याची जोडी ही त्या मानाने किरकोळ वस्तू आहे. चांगले अवजारी पोलाद घ्यावे, प्रत्येक जबडा भट्टीतून नीट काढून तपासावा, नापास झालेला खोक्यात घालू नये आणि दांडीवर स्वतःच्या कारखान्याचे नाव कोरावे. किंमत तीस डॉलरऐवजी पन्नास किंवा साठ होईल. मूळ ‘मॉडेल ए’ जिथे उभा होता ती मधली जागा, म्हणजे नवशिक्याला परवडणारा आणि तरीही बारीक गळ सरकू न देणारा व्हाइस, आज बरीचशी मोकळी आहे, आणि ती भरण्याचा हक्क ज्यांनी हा आकार आतून-बाहेरून इतकी वर्षे घडवला त्या कारखान्यांचा सर्वांत आधी पोचतो.